वाचक विचारतात: स्मृतिभ्रंशावर झाडपाल्याचे औषध

गेल्या अंकात वार्धक्यातील विस्मरणाविषयी या सदरात थोडे लिहिले होते. त्यानंतर सांगली-सातारा भागातून आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: अल्झायमरवर (स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारावर) वनस्पतींपासून काही औषध मिळते का, आणि आपल्या शेतात, परसात किंवा स्वयंपाकघरात असलेल्या पदार्थांचा त्यासाठी उपयोग होतो का. पत्रे संक्षिप्त करून व नावे वगळून येथे देत आहे. औषधशास्त्र शिकविणारा माणूस अशा वेळी दोन गोष्टी तपासतो. वनस्पतीतील ते द्रव्य पुरेशा प्रमाणात मेंदूपर्यंत पोहोचते का, ही पहिली. आणि ते प्रत्यक्ष रुग्णांना देऊन, दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या देऊन, तुलना झाली आहे का, ही दुसरी. पुढील सर्व उत्तरे याच दोन कसोट्यांवर दिली आहेत.

प्रश्न: माझ्या पत्नीचे वय ७१ असून मिरजेच्या डॉक्टरांनी तिला अल्झायमरची सुरुवात असल्याचे सांगितले आहे. आम्ही हरिपूरचे, हळद घरचीच. मी तिला रोज रात्री हळद घातलेले दूध देतो. पुण्याचा मुलगा म्हणतो की दुधाने काही होणार नाही, कर्क्युमिनच्या कॅप्सूल सुरू करा. भारतीय लोक हळद खातात म्हणून त्यांना हा आजार कमी होतो, असेही त्याने वाचले आहे. यात तथ्य किती? (निवृत्त शिक्षक, हरिपूर)

उत्तर: शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचा समज त्यावरच उभा आहे. हरियाणातील बल्लभगड भागात झालेली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत ६५ वर्षांवरील दर हजार माणसांमागे वर्षाला अल्झायमरचे सुमारे ४.७ नवे रुग्ण आढळले, तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या एका खोऱ्यात हाच आकडा १७.५ होता. फरक डोळ्यांत भरण्याजोगा होता, लोक त्याचे कारण शोधू लागले, आणि हळद सर्वांच्या हाताशी होतीच. वस्तुतः ती पाहणी हळदीविषयी नव्हती, आणि पाहणीचा काळ थोडा असल्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावेत असे संशोधकांनी स्वतःच नमूद केले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीच्या पुढील ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. हे सगळे लोक हळद खाणाऱ्या देशातलेच आहेत.

आता हळदीतील द्रव्याकडे वळू. हळकुंडात कर्क्युमिनचे प्रमाण साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असते. जातीनुसार व जमिनीनुसार ते कमीजास्त होते. प्रयोगशाळेत हे द्रव्य अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाला चिकटते, दाह कमी करते, उंदरांच्या मेंदूतील थर घटविते. हे सर्व खरे आहे. अडचण पुढे येते. पोटात गेलेले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याचे रूप यकृत लगोलग पालटून टाकते. अमेरिकेत अल्झायमरच्या ३६ रुग्णांना २४ आठवडे रोज दोन किंवा चार ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिले गेले आणि २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले: रक्तातील प्रमाण अत्यल्प, आणि आजारावर परिणाम दिसला नाही. दोन ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे तीन टक्क्यांच्या हिशेबाने रोज सुमारे ६५ ग्रॅम हळदपूड. आपल्या दुधाच्या पेल्यात चमच्याच्या टोकावरची हळद असते, हे लक्षात घेतले म्हणजे मुलाचे म्हणणे अर्धे बरोबर ठरते. दुधाने आजार हटणार नाही, हे खरेच. पण कॅप्सूलने हटेल, हेही सिद्ध झालेले नाही.

शोषण वाढविण्यासाठी कॅप्सूलमध्ये बहुधा मिऱ्यातील पिपेरीन घालतात. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरीन दिल्यास रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन वीसपट होते. जाहिरातीत हे ‘वीसपट’ ठळक छापतात. मात्र मुळात नगण्य असलेली रक्कम वीसपट होऊनही फार मोठी होत नाही, आणि पिपेरीन फक्त कर्क्युमिनचेच शोषण वाढविते असेही नाही. फेनिटॉइनसारख्या फिटच्या औषधांचे रक्तातील प्रमाणही त्याने वाढते. एक आशादायक अभ्यास मात्र सांगायलाच हवा. शोषण सुधारलेले कर्क्युमिन दिवसातून दोनदा ९० मिलिग्रॅम याप्रमाणे १८ महिने घेतलेल्या, अल्झायमर नसलेल्या मध्यमवयीन व वृद्ध व्यक्तींची स्मरणशक्ती चाचणीत सुधारलेली दिसली, असे २०१८ साली लॉस एंजेलिस येथून प्रसिद्ध झाले. त्यात सहभागी होते अवघे ४०. एवढ्या लहान गटावरून निर्णय करणे मला धाडसाचे वाटते. आणि आपल्या पत्नीला आजार जडलेला असल्याने तो अभ्यास त्यांना थेट लागूही पडत नाही.

कॅप्सूल निरुपद्रवी असतात, हा समजही आता सोडावा लागेल. इटली व अमेरिकेत हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर, विशेषतः पिपेरीनयुक्त गोळ्यांनंतर, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. पत्नीला पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल देऊच नयेत.

हळदीचे दूध आवडीने घेत असतील तर चालू ठेवावे. आपल्याकडे हळद घरची आहे, याचा मला वेगळ्या कारणासाठी आनंद वाटतो. शिजवून वाळविलेली हळकुंडे ढोलात घालून पॉलिश करतात, त्या वेळी त्यांना पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट वापरण्याचा प्रकार बांगलादेशात आणि उपखंडातील इतर काही बाजारपेठांत उघडकीस आला आहे. त्यातील शिसे मेंदूला निश्चितपणे घातक आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी बाहेरून सुटी हळकुंडे घेणाऱ्याने ती पाण्यात टाकून पाहावीत. रंग लावलेले हळकुंड पाण्यात पडताच रंग सोडू लागते, चांगले हळकुंड सोडत नाही. स्मरणशक्तीसाठी म्हणून हळद द्यायची आणि तिच्यातूनच शिसे पोटात जायचे, याहून उलटा उपचार दुसरा नसेल.

प्रश्न: माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना गॅलँटामीन नावाची गोळी दिली आहे. औषधाच्या दुकानात सांगितले की ही गोळी एका फुलझाडापासून निघाली. यावर आमच्या ह्यांचे म्हणणे असे की मग ती आयुर्वेदिकच झाली, तिचा त्रास होणार नाही. पण गोळी सुरू झाल्यापासून सासूबाईंना मळमळते आणि त्यांचे जेवण निम्म्यावर आले आहे. गोळी बंद करावी का? (गृहिणी, सातारा)

उत्तर: दुकानदाराने सांगितले ते बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. हा प्रश्न मला या अंकातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वनस्पतीपासून अल्झायमरचे औषध खरोखर कसे तयार होते, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

बाल्कन व कॉकेशस प्रदेशांत स्नोड्रॉप नावाचे छोटे पांढरे फूल हिवाळा सरता सरता बर्फातून वर येते. त्याच्या कंदात गॅलँटामीन असते. १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी या द्रव्याचे गुण तपासले, आणि बल्गेरियातील दिमितर पास्कोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते औषध म्हणून वापरात आणले. तेव्हा त्याचा उपयोग पोलिओनंतरच्या अशक्तपणासारख्या स्नायू व मज्जातंतूंच्या विकारांवर होत असे. अल्झायमरसाठी त्याचा विचार बऱ्याच काळाने झाला आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती २००१ साली. डॅफोडिलच्या कंदातूनही हे द्रव्य काढतात आणि आता कारखान्यात कृत्रिमरीत्याही ते तयार होते. रेणू एकच असल्यामुळे कंदातून आलेली गोळी सौम्य आणि कारखान्यातली कडक, असा भेद त्यात राहत नाही.

मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ॲसिटिलकोलीन हे रसायन वापरतात. अल्झायमरमध्ये ते तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. निरोप देऊन झाला की या रसायनाचे विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) असते. गॅलँटामीन त्या विकराला थोपवून धरते, त्यामुळे उरलेसुरले ॲसिटिलकोलीन अधिक वेळ टिकते. आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली आपल्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूत ज्या गाठी आणि जे थर पाहिले, त्यांना ही गोळी हात लावत नाही. म्हणूनच तिचा लाभ मर्यादित असतो: काही रुग्णांचे लक्ष व दैनंदिन व्यवहार काही काळ बरे राहतात, काहींना फरक जाणवत नाही, आजार मात्र कोणाचाच थांबत नाही. हे कुटुंबाने सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे.

या गटातील दुसऱ्या औषधाचे मूळ तर विषात आहे. नायजेरियातील कलाबार परिसरात आरोपीला एका शेंगेचे बी गिळायला लावून त्याचा न्याय करीत. मेला तर दोषी, वाचला तर निर्दोष. त्या बियांतून १८६४ मध्ये फायसोस्टिग्मीन वेगळे करण्यात आले आणि १९३५ मध्ये पर्सी ज्यूलियन या कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते प्रयोगशाळेत घडविले. स्मरणशक्तीसाठी ते वापरून पाहिले गेले, पण शरीरात ते फार लवकर नष्ट होई आणि त्रासही बराच होई. पुढे इस्राएलमध्ये मार्ता वाइनस्टॉक यांनी त्याच धर्तीवर रेणूत फेरफार करून रिव्हास्टिग्मीन तयार केले, जे आज कॅप्सूल किंवा त्वचेवर चिकटविण्याच्या पट्टीच्या रूपात मिळते. विषारी बी ते पट्टी या प्रवासाला शतकाहून अधिक काळ लागला, आणि त्यातील बहुतेक काळ मात्रा व शोषण यांचे गणित बसविण्यात गेला.

आता सासूबाईंविषयी. ॲसिटिलकोलीन मेंदूतच नव्हे तर जठरात, आतड्यांत आणि हृदयातही काम करते, म्हणून मळमळ, उलटी, जुलाब, वजन घटणे आणि नाडी मंदावणे हे या औषधाचे ठाऊक असलेले परिणाम आहेत. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. ती भरल्या पोटी, सकाळ-संध्याकाळच्या जेवणाबरोबर देता का ते पाहावे, वजन करून आकडा लिहून ठेवावा आणि याच आठवड्यात डॉक्टरांना कळवावे. हे औषध सहसा ४ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असे सुरू करून निदान चार-चार आठवड्यांच्या अंतराने वाढवितात. मात्रा घाईने वाढली असेल तर डॉक्टर ती कमी करतील किंवा औषध बदलतील. चक्कर येऊन पडल्या किंवा नाडी मंद लागली तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. काही कारणाने तीन दिवसांहून अधिक खंड पडला, तर पूर्वीच्या मात्रेवर परत न जाता डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करावी लागते.

प्रश्न: आमचे अण्णा ६८ वर्षांचे आहेत. पाच-सहा महिन्यांपासून ते विसरू लागले आहेत. पैसे दिले की नाही ते आठवत नाही, रात्री बडबडतात. त्यांना मधुमेह आहे, सर्दीच्या ॲलर्जीसाठी आणि झोपेसाठी गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांकडे नेण्याआधी महिना-दोन महिने एखादा पाला किंवा काढा देऊन पाहावा, असे भावकीतले म्हणतात. कोणता द्यावा? (शेतकरी, वाळवा तालुका)

उत्तर: कोणताही देऊ नये, आणि महिना-दोन महिने थांबूही नये. आपण लिहिलेल्या चार ओळींतच मला अल्झायमरखेरीज तीन-चार शक्यता दिसतात, आणि त्यांतील काही उपचारांनी पूर्ण किंवा बऱ्याच अंशी सुधारतात.

मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. आहार शाकाहारी असेल तर अधिकच. बी-१२ ची कमतरता, थायरॉइडची मंदावलेली ग्रंथी, रक्तातील साखर वारंवार खाली जाणे, खिन्नता, आणि पडल्यानंतर मेंदूवर हळूहळू साठलेले रक्त, या सर्वांत माणूस विसराळू व गोंधळलेला दिसतो. रक्ताच्या साध्या तपासण्या आणि गरज भासल्यास मेंदूचा स्कॅन एवढ्याने यातील बरेचसे उलगडते.

राहिल्या सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्या. मागील उत्तरात जे ॲसिटिलकोलीन टिकविण्याची धडपड पाहिली, त्याच रसायनाला अडविणारी द्रव्येही वनस्पतींत आहेत, आणि त्यांतील आपल्या ओळखीची वनस्पती म्हणजे धोत्रा. धोत्र्यातील ॲट्रोपीन व स्कोपोलामीन यांमुळे बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडे पडते आणि माणूस भ्रमिष्टासारखा बडबडू लागतो. क्लोरफेनिरामीनसारख्या ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या, ॲमिट्रिप्टिलीन हे खिन्नतेवरील जुने औषध आणि लघवीच्या तक्रारीवरील काही औषधे हाच परिणाम सौम्य प्रमाणात घडवितात. झोपेच्या इतर गोळ्याही वृद्धांना गोंधळात पाडतात. तेव्हा अण्णांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, काढे आणि पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. काय चालू ठेवायचे आणि काय हळूहळू थांबवायचे, ते त्यांना ठरवू द्या.

येथे एक तांत्रिक बाब नोंदवावीशी वाटते. ‘अमुक वनस्पतीने विस्मरण बरे झाले’ अशा बातम्यांमागे पुष्कळदा असा प्रयोग असतो की उंदराला स्कोपोलामीन टोचून तात्पुरते विस्मरण घडवायचे आणि मग वनस्पतीचा अर्क देऊन ते जाते का ते पाहायचे. असा अर्क स्कोपोलामीनचा उतारा ठरतो. माणसाच्या मेंदूतील पेशी वर्षानुवर्षे मरत जाण्यावरचा उपाय ठरत नाही. बातमीत हा फरक क्वचितच सांगितलेला असतो.

प्रश्न: चरकसंहितेत बुद्धिवर्धक रसायने सांगितली आहेत. असे असताना ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा यांना आधुनिक डॉक्टर का मानत नाहीत? ‘तीन महिन्यांत स्मरणशक्ती परत’ अशी हमी देणारी एक जाहिरात पाहून मी वडिलांसाठी औषध मागविणार आहे. (बँक कर्मचारी, वाई)

उत्तर: चरकांनी चिकित्सास्थानात मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क ही चार मेध्य रसायने सांगितली आहेत. त्या परंपरेबद्दल मला आदर आहे, आणि तिच्यातील वनस्पती तपासण्यास योग्य आहेत याबद्दल शंकाही नाही. पण ज्या अर्थाने आपण आज अल्झायमर म्हणतो, त्या आजारावर त्या किती उपयोगी पडतात, हे रुग्णांवरील मोठ्या चाचण्यांनीच ठरेल, आणि तशा चाचण्या फार थोड्या आहेत.

पहिली अडचण ओळखीची आहे. ब्राह्मी म्हणून बाजारात दोन अगदी निराळ्या वनस्पती मिळतात: एक ओलसर जागी पसरणारी, जाड लहान पानांची जलब्राह्मी, आणि दुसरी गोल, बेडकाच्या पावलासारख्या पानांची मंडूकपर्णी. त्यांतील द्रव्येही निराळी आहेत. जलब्राह्मीच्या प्रमाणित अर्काची, रोज ३०० मिलिग्रॅम या मात्रेत १२ आठवडे, निरोगी माणसांवर चाचणी झाली असून काही स्मरणचाचण्यांत थोडी सुधारणा आढळली आहे. अल्झायमरच्या रुग्णांबाबत तसे खात्रीने म्हणता येत नाही. जलब्राह्मीने पोटात कळ, मळमळ व जुलाब होऊ शकतात. गॅलँटामीन किंवा त्याच वर्गातील डोनेपेझिल ही गोळी चालू असेल तर हे त्रास एकात एक मिसळून वाढण्याची भीती असते. याखेरीज ब्राह्मीच्या नावाने मिळणाऱ्या काही वट्यांत रससिंदूर (पाऱ्यापासून केलेले औषध) किंवा धातूंची भस्मे असतात. वेष्टनावरील घटकांची यादी वाचल्याशिवाय, आणि नोंदणीकृत वैद्यांना विचारल्याशिवाय, त्या घेऊ नयेत.

अश्वगंधेबाबत मनेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१२ साली प्रसिद्ध केलेले काम खरोखर लक्षवेधी आहे. अल्झायमरसदृश विकार असलेल्या उंदरांना मुळाचा अर्क दिल्यावर मेंदूतील अमायलॉइड घटले, आणि विशेष म्हणजे त्याचा परिणाम यकृताच्या मार्गाने होत असल्याचे आढळले. यकृतातील एक प्रथिन वाढून रक्तातील अमायलॉइड तेथे ओढले जात होते. हे वाचून मी स्वतः आशावादी झालो होतो. माणसांत मात्र सौम्य विस्मरण असलेल्या ५० व्यक्तींवर आठ आठवड्यांची, अशा लहान चाचण्याच हाती आहेत. दुसरीकडे अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते आणि सुस्ती येते, म्हणून वृद्धाला ती द्यायची तर देखरेखीखालीच द्यावी.

जाहिरातीविषयी एवढेच सांगतो की मेंदूच्या विकारांवर उपचाराचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूई उपाय कायद्यानुसार निषिद्ध आहे. जो विक्रेता कायदा मोडून हमी देतो, त्याच्या डबीत लिहिलेलेच घटक असतील यावर मी विश्वास ठेवणार नाही. पैसे पाठवू नका, आणि शक्य असल्यास जाहिरातीचे कात्रण अन्न व औषध प्रशासनाकडे द्या.

प्रश्न: भाऊ अमेरिकेतून आईसाठी गिंको आणि हुपरझीनच्या गोळ्या पाठवितो. द्याव्यात का? (शिक्षिका, कराड)

उत्तर: माझ्या मते देऊ नयेत. गिंको वृक्षाच्या पानांचा अर्क अमेरिकेत ७५ वर्षांवरील ३,०६९ व्यक्तींना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम याप्रमाणे सरासरी सहा वर्षे देऊन पाहिला. स्मृतिभ्रंश टळला नाही, असा स्पष्ट निष्कर्ष २००८ मध्ये आला. फ्रान्समधील तितक्याच मोठ्या चाचणीनेही तेच सांगितले. एवढी चांगली तपासणी फार थोड्या वनौषधींच्या वाट्याला आली आहे, आणि म्हणूनच तिचा नकार मानायला हवा. हुपरझीन चीनमधील एका शेवाळसदृश वनस्पतीतून मिळते आणि गॅलँटामीनप्रमाणेच त्या विकराला थोपविते. अमेरिकेतील २१० रुग्णांवरील चाचणीत, २०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा या ठरविलेल्या मात्रेत, त्याचा लाभ दिसला नाही. आईंना डॉक्टरांची त्याच वर्गातली गोळी चालू असेल तर एकाच जातीची दोन औषधे पोटात जातील, आणि ॲस्पिरीन चालू असेल तर गिंकोबरोबर रक्तस्रावाची काळजी राहील.

प्रश्न: माझी द्राक्षबाग आहे. द्राक्षातील रेझव्हेराट्रॉलने मेंदू तरुण राहतो असे एका मेळाव्यात ऐकले. माझ्या आईला हा आजार होता. मी ५५ वर्षांचा आहे. रोज मूठभर बेदाणे किंवा थोडी लाल वाइन घेतल्यास आजार टळेल का? (बागायतदार, तासगाव)

उत्तर: सांगलीच्या बेदाण्याची गोडी आणि त्याला २०१६ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन यांबद्दल दुमत नाही, परंतु या कामासाठी तो निरुपयोगी आहे. रेझव्हेराट्रॉल मुख्यतः गडद द्राक्षांच्या सालीत असते, आणि लाल वाइनमध्येही लिटरमागे ते जेमतेम काही मिलिग्रॅम भरते. अल्झायमरच्या ११९ रुग्णांवरील, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत मात्रा वाढवत दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत नेली होती. तेवढ्यासाठी शेकडो लिटर वाइन लागेल. एवढे देऊनही आजारात ठोस सुधारणा दिसली नाही. उलट औषध घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमान अधिक घटल्याचे आढळले. बेदाणे खावेत, मधुमेह नसेल तर आवडीने खावेत. वाइन मात्र औषध म्हणून सुरू करू नये, कारण अतिमद्यपान हे स्मृतिभ्रंशाच्या मान्य कारणांपैकी एक आहे.

आपण ५५ व्या वर्षी विचारता आहात, ही योग्य वेळ आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये असे मांडले की बदलता येण्याजोगे १४ धोके सर्वांच्या बाबतीत दूर झाले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील. त्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, धूम्रपान, डोक्याला मार, एकटेपणा, दृष्टी कमी होणे यांबरोबर बहिरेपणाही आहे. शेवटचा मुद्दा आपल्याकडे फारच दुर्लक्षिला जातो. ब्लोअर आणि ट्रॅक्टरच्या आवाजात उभे आयुष्य गेलेल्या माणसाने कान तपासून घ्यावेत, आणि श्रवणयंत्र सांगितले तर लाज न बाळगता वापरावे. दुचाकीवर हेल्मेट घालणे हाही याच यादीतला उपाय आहे.

प्रश्न: आमच्या रानात नागदवणा उगवतो. तो स्नोड्रॉपच्या कुळातला आहे असे कळले. त्याच्या कंदाचा रस आजारी माणसाला चालेल का? तसेच महाबळेश्वरच्या थंडीत डॅफोडिल लावून गॅलँटामीनसाठी विकता येईल का? (तरुण शेतकरी, पाटण)

उत्तर: कूळ एकच आहे, हे खरे. पण त्या कुळातील कंदांत लायकोरीन नावाचे तीव्र वांती करविणारे द्रव्य असते, आणि कोणत्या कंदात काय किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही. कंदाचा रस माणसाला अजिबात देऊ नये.

लागवडीचे म्हणाल तर वेल्समध्ये डोंगराळ भागात उंचावर डॅफोडिल लावून त्यातून गॅलँटामीन काढण्याचा उद्योग झाला आहे. आपल्याकडे अडचण फुलांपेक्षा बाजाराची आहे: कारखान्यात तयार होणाऱ्या द्रव्याशी भावात टक्कर द्यावी लागते आणि कंदातून ते काढणारा कारखाना जवळ असावा लागतो. रानातून उपटून विकण्याचा विचार तर करूच नका. कर्करोगाच्या औषधासाठी लागणाऱ्या कॅम्पटोथेसिनची मागणी वाढली, तेव्हा याच सह्याद्रीतील नरक्याची झाडे ठेकेदारांनी मुळासकट नेली. डोंगरातल्या माणसाला त्यातून लाकडाच्या भावाने मजुरी मिळाली. औषधी पिकच लावायचे असेल तर पाणथळ कोपऱ्यात जलब्राह्मी किंवा हलक्या जमिनीत अश्वगंधा आधी पाच-दहा गुंठ्यांवर घेऊन पाहा, राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या योजनांची कृषी कार्यालयात चौकशी करा, आणि रोपे विकणाऱ्याच्या तोंडी आश्वासनावर न जाता खरेदीदाराकडून भाव, ओलाव्याची मर्यादा आणि द्रव्याचे किमान प्रमाण नमूद केलेला लेखी करार हातात पडल्यावरच क्षेत्र वाढवा.